इशापूरची १९४२ ची थ्री नॉट थ्री : रंगाखाली गंज, घरी रस्ट ब्लूइंग करावं का?

निळासावळा

नमस्कार मंडळी. जुनी घड्याळं, शिलाई मशिनं, पितळी समया यांच्या डागडुजीवर इथे फार चांगले धागे निघाले आहेत. माझा विषय जरा वेगळा असला तरी जात तीच, जुनं लोखंड आणि त्यावरचं फिनिश.

मी पेनसिल्व्हेनियात असतो. इथल्या परवानाधारक दुकानातून, रीतसर तपासणी होऊन, ली-एन्फिल्ड नंबर १ मार्क ३ स्टार रायफल घेतली. म्हणजे आपल्याकडची थ्री नॉट थ्री. इथे ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन बनावटीच्या बऱ्याच मिळतात, मला मात्र इशापूरचीच हवी होती. दस्ता बसतो त्या लोखंडी सॉकेटवर उजव्या अंगाला मुकुट, खाली जीआरआय (तेव्हाच्या राजा जॉर्जची अक्षरं), मग इशापूर आणि १९४२. हुगळीकाठच्या कारखान्यात ऐन महायुद्धात तयार झालेली.

तिच्या सगळ्या धातूवर जाड काळा रंग आहे. ब्रशाने मारलेला वाटत नाही, भट्टीत भाजून बसवलेला असावा. जागोजागी पोपडे सुटलेत आणि पोपड्यांखाली तांबडा गंज. लाकूड उतरवल्यावर नळीच्या खालच्या बाजूला, जिथे ती लाकडाला टेकते, तिथे गंजाचा खरबरीत पट्टाच सापडला. पण माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेच्या, थोडं मागे एक पापुद्रा नखाने उचलला, तर त्याखाली गंज नव्हता. निळसर काळं, तुळतुळीत मूळ फिनिश होतं. ऐंशीहून जास्त वर्षांचं!

दुकानदार म्हणतो, सगळं पॉलिश करून गरम ब्लूइंगला, म्हणजे उकळत्या रसायनात बुडवून निळं-काळं करायला, पाठव, नव्यासारखी होईल. मला नव्यासारखी नकोय. घरी, गॅरेजमध्ये, हाताने करता येईल असं काही आहे का? रस्ट ब्लूइंगबद्दल, म्हणजे मुद्दाम गंज आणून तो उकळून काळा करण्याबद्दल, वाचलंय. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. वेळेची घाई अजिबात नाही.

अभ्या_इंजिनेर

वाचतोय. मी बुलेटच्या टाकीचा रंग काढताना सँडब्लास्टिंग करून घेतलं होतं. तासाभरात लख्ख. तसं इथे चालेल का? नाहीतर ८० नंबरचा पॉलिश पेपर घ्या आणि मग चढत्या क्रमाने जा.

टेक्सासचा तात्या

अभ्या, कृपा करून नको. निळासावळा, तुम्हीही दुकानदाराचं ऐकू नका.

जुन्या बंदुकांचं जितकं नुकसान गंजाने केलंय तितकंच पॉलिशच्या चाकाने केलंय. चाकावर धरलं की कडा गोल होतात, भोकांच्या काठाला खळगा पडतो, अक्षरं उथळ होत जातात. सॉकेटवरचा तो मुकुट आणि ते १९४२ हेच तर तुमच्या रायफलचं सर्वस्व. ते एकदा बोथट झालं की जगातलं कुठलंच फिनिश ते परत आणू शकत नाही. सिरियल नंबर घासला गेला तर इथल्या फेडरल कायद्याने तशी बंदूक नुसती जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. सँडब्लास्टिंगने अक्षरं राहतीलही, पण तुम्हाला दिसलेलं मूळ ब्लूइंग मिनिटभरात उडेल.

आधी उकळा. बाकी सगळं त्यानंतर. तांबडा गंज साध्या उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवला की काळा होतो. मग तो मऊ तारेच्या ब्रशाने झाडायचा. सुटा असेल तेवढा भुकटी होऊन गळतो आणि धातूला धरून असलेला काळा थर जागेवर राहतो. जिथे मूळ ब्लूइंग शाबूत आहे तिथे उकळत्या पाण्याने काही बिघडत नाही. मी हे पाहत आलोय की गंजून गेली म्हणून ज्या नळ्या माझ्याकडे येतात, त्यांच्यातल्या बऱ्याचशांना उकळून झाडल्यावर आणखी काही करावंच लागत नाही.

आता रीत. रंग आधी काढायचा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, रिमूव्हरने मऊ करून लाकडी पट्टीने उचला. पूर्वीचे जहाल रिमूव्हर, मिथिलिन क्लोराइडचे, २०१९ पासून घरगुती ग्राहकाला विकायला इथे बंदी आहे. आता मिळतात ते हळू काम करतात. करू द्या. व्हिनेगर, फॉस्फोरिक आम्लाची जेली, गंज काढणारे पातळ आम्लाचे डबे यातलं काहीही लावू नका. ते गंजाबरोबर ब्लूइंगही खातात.

भांडं लांब लागेल. तुमच्या रायफलची नळी २५ इंचांच्या वर आहे, बॉडीसकट (नळीमागचा, बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) ३६ इंचांखालचं भांडं चालणार नाही. स्टेनलेसचं किंवा साध्या लोखंडी पत्र्याचं घ्या. अॅल्युमिनियम नको. खाली दोन शेगड्या. पाणी डिस्टिल्डच घ्या, नळाच्या पाण्यातले क्षार पांढरे डाग पाडतात. ब्रशाची तार केसाइतकी बारीक हवी, तीन ते पाच हजारांश इंचाची. हार्डवेअरच्या दुकानातला ब्रश ओरखडे काढतो. स्टील वूल चालेल, चार शून्याचं, पण ते कारखान्यातून तेल लावून येतं, आधी अॅसिटोनमध्ये धुवा. आणि उकळायच्या आधी सगळं अगदी स्वच्छ करा, त्यानंतर त्याला उघड्या बोटाचा स्पर्श होता कामा नये. हातमोजे घातलेले बरे.

एवढं करा, फोटो टाका, मग रस्ट ब्लूइंगचं बोलू. कदाचित फक्त डागांपुरतंच लागेल.

वाचनवेडी

विषयातलं काही कळत नाही, पण पूर्ण धागा वाचणार आहे. वाखुसा (वाचनखूण साठवली). तात्या, पाण्यात उकळल्यावर गंज काळा का होतो? पाण्यानेच तर गंज येतो ना?

रसायनी

चांगला प्रश्न आहे, वाचनवेडीताई. गंज यायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. तांबडा गंज म्हणजे पाणी धरून ठेवणारं लोहाचं ऑक्साइड. तो सच्छिद्र असतो, ओल शोषतो आणि त्याच्याखाली आणखी गंज वाढत जातो. पाणी उकळलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ निघून जातो. अशा गरम, प्राणवायू नसलेल्या पाण्यात तांबड्या ऑक्साइडचं रूपांतर मॅग्नेटाइटमध्ये होतं. Fe३O४ लिहितो ते, देवनागरीत सांगायचं तर तीन अणू लोहाचे, चार ऑक्सिजनचे. काळं, घट्ट, धातूला धरून राहणारं. म्हणजे आपण तोच गंज त्याच्या स्थिर रूपात नेतो.

रस्ट ब्लूइंग म्हणजे हेच मुद्दाम करणं. सौम्य आम्लाचं द्रावण लावून पातळ, एकसारखा गंज आणायचा, उकळून काळा करायचा, झाडायचा, पुन्हा आणायचा. प्रत्येक फेरीत थर थोडा भरतो. सहसा पाच ते आठ फेऱ्यांत रंग भरून येतो. शेवटचा थर काही मायक्रॉनचाच असतो. हा थर स्वतः गंज थांबवत नाही हे लक्षात ठेवा. तो तेल धरून ठेवतो आणि तेल गंज थांबवतं.

एक मोठा फायदा सांगतो. सगळं काम १०० अंश सेल्सियसला होतं. पोलादाची कडकाई त्या तापमानाला हलत नाही. त्यामुळे बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) अडकतो त्या बॉडीला धोका नाही. ज्योतीने तापवून निळा रंग आणण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यात पोलाद ३०० अंशांच्या आसपास नेतात. स्क्रू, काटे, छोट्या पिना यांच्यासाठी ते ठीक. बॉडी आणि बोल्टवर ज्योत धरू नये. तिथली कडकाई गेली तर गोळीचा दाब झेलणारा भागच कमकुवत होतो.

जुना आर्मोरर

नोकरीची सगळी वर्षं या रायफलबरोबर गेली म्हणून लिहितो.

नळीत उकळतं पाणी ओतणं आम्हाला नवीन नाही. जुन्या कॉर्डाइटच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून क्षार राहतो, मिठासारखाच ओल खेचतो आणि रात्रीत नळी खातो. तेलाने तो क्षार निघत नाही, पाण्यानेच निघतो. म्हणून फायरिंग झालं की नरसाळ्याने उकळतं पाणी, मग फुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) कोरडी चिंधी, मग तेलाची चिंधी. ही शिस्त ज्यांनी पाळली त्यांच्या रायफलींच्या नळ्या आजही आरशासारख्या आहेत.

आता तुमच्या कामाचं. लाकूड उतरवलंय म्हणता, पण पुढचं की मागचं? या मार्कमध्ये दस्ता धरणाऱ्या लांब बोल्टचं (हा वेगळा, नुसता कसायचा स्क्रू) चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी काढायचं, मगच मागचा बोल्ट फिरवायचा. उलट केलंत तर ते चौकोनी टोक फिरताना पुढच्या लाकडाला आतून उभी चीर पाडतं. जोडताना क्रम उलटा. हे न माहीत असल्यामुळे फाटलेली लाकडं मी ढिगाने पाहिली.

स्प्रिंगा कुठल्याही आम्लाच्या द्रावणात घालू नका. आम्लातून सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि स्प्रिंग ठिसूळ होऊन एक दिवस तुटते. त्या नुसत्या पुसून तेल लावून ठेवा. बोल्ट, बोल्टचं मुंडकं आणि बॉडी यांची ताटातूट करू नका, ती जोडी एकमेकांना बसवलेली असते. आणि कुठेही डीपी अशी अक्षरं ठोकलेली दिसली तर ती रायफल फक्त कवायतीची समजा, तिच्यात गोळी घालायची नाही. एनसीसी केलेल्यांना डीपी रायफल आठवेल.

काळ्या रंगाबद्दल. तो कारखान्यात १९४२ ला लावलेला नाही. त्या वेळी नळ्यांवर गंज-उकळ पद्धतीचंच फिनिश असे. रंग नंतरच्या दुरुस्तीत, बहुधा स्वातंत्र्यानंतर, चढवला. आपल्या दमट हवेत तो उपयोगी होता. ६२ च्या युद्धानंतर इशापूरने याच रायफलीवरून ७.६२ ची टू ए आणि टू ए वन काढली, तिच्यावरही काळाच रंग असे. म्हणून माझी विनंती, सगळा रंग काढू नका. जिथे घट्ट बसलाय आणि खाली गंज नाही, तिथे राहू द्या. तोही तिच्या नोकरीचा भाग आहे.

सुमेधा_प

इतका खटाटोप कशाला, बाटलीतलं कोल्ड ब्लू मिळतं ना? बोळ्याने लावा, पुसा, झालं. माझ्या भावाने डेनव्हरला तसंच केलं होतं.

टेक्सासचा तात्या

सुमेधाताई, स्क्रूच्या डोक्यावर ओरखडा पडला असेल तर मीही तेच वापरतो. बहुतेक कोल्ड ब्लूमध्ये सेलेनियम डायऑक्साइड आणि तांब्याचे क्षार असतात. पोलादावर काळं तांबं-सेलेनियमचं पापुद्र्यासारखं आवरण बसतं. ते लोहाचं ऑक्साइड नाही. हाताच्या घामाने आणि म्यानातून काढ-घाल केल्याने लवकर उडतं आणि मोठ्या भागावर ढगाळ ठिपके दिसतात. शिवाय सेलेनियम विषारी, मोजे आणि मोकळी हवा हवीच. पूर्ण नळीला ते लावण्यात अर्थ नाही.

घाटावरचा_नाना

मग गरम ब्लूइंगच घरी का नाही करत? कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेट, दोन्ही सहज मिळतात. कारखान्यात दिवसाला शेकडो नग निघतात. तात्या म्हणतात त्या पद्धतीने एका नळीला आठवडा जाणार.

रसायनी

नाना, कारखान्यात टाकी, धुराडं, तापमानाचं नियंत्रण आणि न्हाणी असते. गॅरेजमध्ये यातलं काही नसतं. त्या द्रावणाचा उत्कलनबिंदू मीठ घालून घालून १३५ ते १५० अंशांवर नेलेला असतो. त्यात पाण्याची कमतरता भरायला भसकन पाणी ओतलं तर ते पाणी जागच्या जागी वाफ होतं आणि गरम कॉस्टिक तोंडावर उडतं. डोळ्यात एक थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो. चुकून अॅल्युमिनियमचा नग पडला तर हायड्रोजन सुटतो. घरात मुलं असतील तर हे आणूच नये असं माझं ठाम मत आहे.

धातूच्या बाजूनेही बघा. गरम कॉस्टिक शिसं-कथिलाचा डाख खातं. जुन्या दुनळी बंदुकांच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी डाखानेच जोडलेल्या असतात. त्या या टाकीतून सुट्या होऊन बाहेर येतात. म्हणूनच आजही चांगल्या दुनळ्या रस्ट ब्लूइंगनेच करतात. आणि ली-एन्फिल्डमध्ये नळी बॉडीत आट्यांनी बसते. त्या सांध्यात शिरलेलं मीठ महिन्यांनी पांढरं होऊन बाहेर येतं आणि तिथेच गंज धरतो.

वेळेचं म्हणाल तर धागाकर्त्याने धाग्यातच लिहिलंय, घाई नाही.

अभ्या_इंजिनेर

रसायनी +१. सँडब्लास्टिंगचा सल्ला मागे घेतो.

देवगडकर

थोडं विषयांतर, पण माझ्यासाठी महत्त्वाचं. आमच्या घरी आजोबांची बारा बोर दुनळी आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. माकडं आणि रानडुकरं कलमांचं काय करतात ते कोकणात बागायत असलेल्यांना सांगायला नको. आजोबा गेले, परवाना वडिलांच्या नावे झाला. दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा करावी लागते. मागच्या वेळी पावसाळा धरून ती तिथे राहिली आणि परत आली तेव्हा नळ्यांवर तांबडे ठिपके. वर जे वाचलं ते मी घरी करू शकतो का? नळ्यांवर लाटांसारखी नक्षी आहे, ती जाणार नाही ना?

कोर्टकचेरी

देवगडकर, थांबा. अमेरिकेत स्वतःच्या बंदुकीचं फिनिश स्वतः करायला मुभा आहे, दुसऱ्यांच्या बंदुकांवर धंदा म्हणून केलं तर तिथेही परवाना लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ५ बघा. बनवणं, विकणं यांच्याबरोबरच शस्त्राची दुरुस्ती आणि त्यात बदल करणं यासाठीही स्वतंत्र परवाना लागतो. वडिलांचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. पुसणं, तेल लावणं हे त्यांचं कामच आहे. नळ्या सुट्या करून द्रावण लावणं हे परवानाधारक गनस्मिथकडेच द्या आणि पावती जपून ठेवा. कलम ८ प्रमाणे ओळखखुणा नसलेलं शस्त्र बाळगता येत नाही, म्हणून नंबराच्या जागी कोणालाही घासू देऊ नका.

आणि ही बंदूक तुमच्याही हातात साफसफाईसाठी द्यायची तर वडील समोर असू द्या. परवाना त्यांचा आहे.

पुढच्या वेळी जमा करताना एक करा. पोलीस ठाण्याऐवजी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची सोय तुमच्या जिल्ह्यात आहे का ते आधी विचारा. ठाण्यातच द्यायची असेल तर देताना फोटो काढा, पोचपावतीवर स्थिती लिहून घ्या आणि दाट तेल लावूनच द्या.

टेक्सासचा तात्या

देवगडकर, लाटांची नक्षी म्हणजे त्या नळ्या बहुधा दमास्कसच्या, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून जोडलेल्या. नक्षी आम्लाने उठवलेली असते, ती घासली तर जाते. गनस्मिथला आधी हेच सांगा. आणि मुख्य म्हणजे अशा नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. आजची बिनधुराची काडतुसं त्यात घालू नका, जाणकाराने तपासून दिल्याशिवाय तर मुळीच नाही. पट्ट्यांच्या जोडात आतून गंज शिरलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

देवगडकर

कोर्टकचेरी, तात्या, दोघांचे मनापासून आभार. काडतुसांचं हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. बाबांना आजच फोन करतो.

निळासावळा

मंडळी, काम झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आर्मोरर काकांच्या क्रमानेच लाकूड उतरवलं होतं, पुढचं आधी. दस्त्याचा बोल्ट फिरवण्यापूर्वी आत बॅटरी मारून पाहिलं, ते चौकोनी टोक स्पष्ट दिसतं. डीपी कुठेही नाही.

रंग रिमूव्हरने मऊ करून उचलला. सॉकेटवर तो घट्ट होता, तिथे हात लावला नाही. मागच्या साइटच्या पत्र्यावरही तसाच ठेवला. नळी आणि बॉडीवरचा काढला. मग अॅसिटोन, मग साबणाचं गरम पाणी, मग डिस्टिल्ड पाण्यात उकळी.

झाकण उघडलं तेव्हा नळीच्या खालचा तो खरबरीत तांबडा पट्टा मखमली काळा झाला होता. बाहेर काढल्यावर धातू इतका गरम असतो की पाणी आपोआप उडून जातं, पुसावं लागत नाही. ब्रश फिरवला की काजळीसारखी भुकटी गळते, मास्क आणि चष्मा लावूनच हे करा. भुकटी गेल्यावर नळीच्या मागच्या जाड भागावर एक खूण वर आली, जी आधी गंजात पूर्ण बुजली होती. बाण आणि त्याखाली आय. हिंदुस्थान सरकारच्या मालकीची खूण. भिंगातून पाहिली तर ठोकताना बाणाच्या एका पायाला बसलेला किंचित तिरपेपणाही दिसतो. पॉलिशच्या चाकावर ही खूण राहिली नसती, याबद्दल मला शंका नाही.

नळीच्या वरच्या अंगाला मूळ ब्लूइंग बऱ्यापैकी निघालं, पातळ झालेलं पण एकसंध. उघडं पोलाद राहिलं ते पट्ट्याच्या आसपास आणि माशीच्या खाली. तात्यांशी बोलून तेवढ्याच भागाला रस्ट ब्लूइंग केलं. द्रावण तयार बाटलीतलं. जुन्या पुस्तकातल्या कृतींमध्ये मर्क्युरिक क्लोराइड असतं, त्या वाटेला गेलो नाही. बोळा जवळजवळ कोरडा होईपर्यंत पिळून एकाच दिशेने ओढायचा, पुन्हा त्याच जागी फिरवायचा नाही. ओघळ आला की तिथे तांबूस रेघ उठते. नळीच्या आत आणि चेंबरमध्ये द्रावण जाऊ दिलं नाही.

आमच्याकडे हिवाळ्यात हवा फार कोरडी, गंज धरतच नाही. म्हणून प्लायवूडची उभी पेटी केली, तळाला गरम पाण्याची परात आणि एक बल्ब. आत ७० ते ८० टक्के आर्द्रता राहिली की काही तासांत नारिंगी साय धरते. साय दिसली की लगेच उकळायचं. जास्त वेळ ठेवलं तर खड्डे पडायला लागतात. नव्या भागाची कड जुन्या ब्लूइंगवर किंचित चढवत नेली. सूर्यप्रकाशात बघितलं तर नवं जरा जास्त काळं दिसतं, ते मला चालतं.

शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात आम्ल मारलं, परत एकदा साध्या डिस्टिल्ड पाण्यात उकळलं आणि गरम असतानाच तेलात भिजवून रात्रभर टांगून ठेवलं. पहिल्या काही दिवसांत रंग आणखी गडद होतो, हे खरं आहे.

नळीखाली बारीक खड्डे आहेत. गनस्मिथकडे हेडस्पेस (काडतूस बसल्यावर त्याच्या आणि बोल्टच्या मधली मोकळीक) आणि नळी तपासून घेतल्याशिवाय गोळी झाडणार नाही.

जुना आर्मोरर

बाण आणि आयचा फोटो मोठा करून पाहिला. फार बरं वाटलं. सॉकेटवरचा रंग ठेवलात याबद्दल विशेष आभार.

वाचनवेडी

माझे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीच्या आघाडीवर. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, १९४४ आणि १९४५ मध्ये. पणजोबांची घरात एवढीच आठवण आहे की ते रोज संध्याकाळी चिंधी घेऊन काहीतरी पुसत बसल्यासारखा हात हलवायचे. आई सांगते, आम्हाला कारण कधी कळलं नाही. आर्मोरर काकांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला.

घाटावरचा_नाना

निकाल बघून मत बदललं. लाकडाला काय लावणार? वॉर्निश?

निळासावळा

नाही नाना, जवसाचं तेल. मूळ लाकडावर तेच असे. अगदी पातळ हात, जास्तीचं पुसून टाकायचं, सुकलं की पुढचा. पुसलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका, सगळ्यांनाच सांगून ठेवतो. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा करून ठेवलेली चिंधी आपोआप पेट घेते. मी त्या पाण्याच्या डब्यात बुडवून मग बाहेर सपाट वाळत घालतो. आणि नळी टेकते त्या खोबणीत तेल नीट मुरवा. कोरडं लाकूड ओल शोषून नळीला लावतं, आमच्या पट्ट्याचं कारण तेच असणार.

देवगडकर

बाबांशी बोललो. बंदूक पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला परवानाधारकाकडे नेतो, काडतुसं बंद. तोवर आणि पुढच्या पावसाळ्यात काय लावू? आजोबा खोबरेल लावायचे आणि चामड्याच्या म्यानात भिंतीला टांगायचे.

जुना आर्मोरर

खोबरेल नको, काही महिन्यांत ते खवट आणि चिकट होतं, त्यात आम्लता येते. खनिज तेल लावा, बंदुकीचं मिळालं तर उत्तम. चिंधीवर दोन थेंब, ओघळ येईल इतकं नाही. पावसाळ्यात दर पंधरवड्याला पुसून परत लावायचं, आणि हाताळल्यावर त्याच दिवशी, कारण घामात मीठ असतं. चामड्याचं म्यान फक्त नेण्या-आणण्यापुरतं. चामडं ओल धरतं आणि कमावतानाचे क्षार त्यात राहतात. कुलपाच्या कोरड्या कपाटात उभी ठेवा, तोंड खाली करून, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरणार नाही. भिंतीला टेकवू नका, कोकणातली भिंत जुलैत ओलीच असते.